मिस्त्री, पाणी पिऊन या

आमचे हे फरशीचे मिस्त्री. सगळं आयुष्य गुडघ्यांवर गेलं. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, नवऱ्याच्या हातात कला आहे, नशीब काढलंस. गुडघ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांना तेल मीच चोळत आले.

फरशी बसवली की करणीच्या लाकडी मुठीने ती ठोकायची आणि आवाज ऐकायचा, ही ह्यांची जन्माची सवय. खाली सिमेंट-वाळूचा माल पूर्ण भरला असेल तर आवाज घट्ट येतो, टक्क. एखाद्या कोपऱ्यात हवा राहिली असेल तर डब्ब. डब्ब आला म्हणजे फरशी पोकळ, आज ना उद्या हलणार किंवा तडकणार. माल ओला आहे तोवर ती उचलायची, खाली भर घालायची, करणीच्या टोकाने मालावर तिरक्या रेघा ओढायच्या आणि पुन्हा बसवायची. ही सवय घरीही आली. दारं, कपाटं, माठ, जे दिसेल ते ठोकायचं. मला बघायला पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हा बोलता बोलता भिंत ठोकून गेले. पुढे मी विचारलं तर म्हणाले, "मुलगी बरी होती, गिलावा कच्चा होता."

गॅसचा सिलिंडर तर बोटाच्या पेराने ठोकून सांगायचे, अजून आठवडा जाईल, किंवा उद्याच नोंदव. कधी चुकले नाहीत. मला त्याचा राग यायचा, कारण मी चुकायचे.

आमचा मुलगा बायकोला आमच्यापाशी सोडून दुसरीकडे दुसरीबरोबर संसार थाटून बसला. त्याचं नाव मी या घरात घेत नाही, इथेही घेणार नाही. सून बॅग भरून माहेरी निघाली तर हे दारात आडवे उभे राहिले. "तिथे जाऊन काय करणार? भावजयीची भांडी घासणार? चल माझ्याबरोबर कामाला."

ह्यांच्या कंपनीत तेव्हा शिकाऊ घेत होते. दोन वर्षं काम शिकायचं, पहिल्या महिन्यापासून पगार, आठवड्यातून एक दिवस वर्ग आणि शेवटी परीक्षा. पास झालं की मिस्त्रीचं कार्ड. ते हातात आलं की कुठल्याही साइटवर ताठ मानेने उभं राहता येतं, कोणाच्या दारात बॅग घेऊन जावं लागत नाही. मी आधी फणकारले होते, "बाईमाणसाने आता वाळू उपसायची का?" तर म्हणाले, "वाळू बायकाच उपसत आल्यात. आता करणी धरू दे एकीला."

घरी ती त्यांना बाबा म्हणायची आणि साइटवर मिस्त्री. घरी ती सूनबाई, साइटवर शिकाऊ. सकाळी दारातून बाहेर पडताना नातं जणू चपलांबरोबर बदलायचं. आधी माल कालवणं, मग दोरी लावणं, पाणसळीने पातळी बघणं, बाथरूमला उतार देणं. दिवाणखान्याच्या फरशीला मात्र शिकाऊचा हात लागता कामा नये, हा ह्यांचा नियम. पाहुणा पहिला पाय तिथे ठेवतो म्हणायचे. सून डावखुरी, त्यामुळे मालावरच्या तिच्या रेघा उलट्या तिरक्या यायच्या. "फरशीखाली सही करून ठेवतेय बघ," असं सांगून रोज हसायचे. आणि तिच्या कानाचं केवढं कौतुक! "असा कान मी कोणाचा पाहिला नाही. खोलीच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाची पोकळ सांगते." साइटवरचे बाकीचे मिस्त्री कुरकुरायला लागले, कानामागून आली आणि तिखट झाली.

एके दिवशी ह्यांनी सिलिंडर ठोकला आणि म्हणाले, "चिंता नको, भरपूर आहे." त्याच दुपारी भात अर्धा कच्चा असताना गॅस संपला. सून घरीच होती. मी म्हटलं, "आज कसे चुकले गं?" ती ओट्याला टेकून उभी होती. हळूच म्हणाली, "आई, त्यांना ऐकू येत नाही. मला बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे."

फरशी कापायच्या मशीनशेजारी इतकी वर्षं काढली, कान कुठून राहणार? आपण समोर उभं राहून बोललं तर त्यांना कळायचं. पण फरशीचा तो बारीक फरक गेला होता. हात मुरलेला, त्यामुळे बहुतेक फरश्या नीट बसायच्या. मधूनच एखादी पोकळ राहायची. हे ठोकायचे, मान डोलवायचे आणि पुढे सरकायचे. सून मागे माल कालवत बसलेली, तिला ऐकू यायचं. मग ती म्हणायची, "मिस्त्री, जरा पाणी पिऊन या." हे उठून पिंपाकडे गेले की ती फरशी उचलायची, भर घालायची, रेघा ओढायची आणि होती तशी बसवून पुन्हा माल कालवायला लागायची.

आणि हे घरी येऊन मला सांगायचे, "पोटच्या पोराने विचारलं नाही कधी, पण सून सारखी म्हणते पाणी प्या, पाणी प्या. किती जीव लावते बघ."

आम्ही दोघींनी ठरवलं, ताकास तूर लागू द्यायची नाही. घरात त्यांच्याशी मोठ्याने बोलायचं नाही, नाहीतर त्यांना कळेल की आपल्याला कळलंय. काही सांगायचं असलं की जवळ जायचं, समोर उभं राहायचं आणि नेहमीच्या आवाजात बोलायचं. कानांच्या डॉक्टरचा विषय मी एकदा काढला होता. ऐकलं न ऐकल्यासारखं करून उठले. आता ते खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, कोण जाणे.

परीक्षेआधी काही आठवडे शिकाऊंना पूर्ण वेळ वर्गात बसवतात. त्या दिवसांत ती जेवणाच्या सुट्टीत मला फोन करायची, "आई, बाबा आज कुठे काम करतायत?" नव्या दवाखान्याच्या मोठ्या हॉलचं काम त्याच वेळी निघालं आणि ते ह्यांनी एकट्याने केलं. घरी आले ते नुसते फुलून. "आरसा बसवलाय आरसा," म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी मीही गेले. हे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. परीक्षक बाहेरून आलेले गृहस्थ, सौम्य बोलणारे. सुनेने भिंतीच्या कोपऱ्यात फरशी बसवून दाखवली, उतार काढून दाखवला, सगळं झालं. शेवटचा भाग कानाचा. तयार फरशी ठोकत जायचं आणि पोकळ निघेल तिच्यावर खडूने फुली मारायची. परीक्षकांनी सकाळीच एक जागा स्वतः ठोकून उत्तरं वहीत टिपून ठेवली होती. ती जागा म्हणजे दवाखान्याचा तोच हॉल.

सुनेचा चेहरा उतरला. म्हणाली, "साहेब, दुसरी एखादी खोली चालेल का?"

परीक्षक काही बोलायच्या आत हेच पुढे झाले. "अगं, माझीच आहे ही फरशी. एकही पोकळ निघणार नाही, पटकन मोकळी होशील." आणि आपली करणी तिच्या हातात दिली. ती करणी त्यांनी कधी मलासुद्धा उचलू दिली नव्हती.

मी सिमेंटच्या पोत्यावर बसले होते. टक्क, टक्क, टक्क. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत डब्ब आला. सून थांबली. तिने पुन्हा ठोकलं, पुन्हा डब्ब. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. फुली मारली नाही तर तिचं कार्ड गेलं, मारली तर ह्यांचं सगळंच गेलं. मी खाली बघितलं. मग खडूचा आवाज आला.

"नीट ऐक," हे हसून म्हणाले. तिने पुढची ठोकली. आणखी एक फुली, मग आणखी एक. ह्यांचं हसू तिथेच चिकटून राहिलं. शेवटी न राहवून ते गुडघ्यांवर बसले, फुलीची फरशी पेराने ठोकली, शेजारची ठोकली, मग जमिनीला कान लावला. पुन्हा दोन्ही ठोकल्या. मी जन्मात करणी धरलेली नाही, पण पोत्यावर बसून मला दोन्हींतला फरक स्वच्छ ऐकू आला. ते मात्र एकदा या फरशीकडे बघत होते, एकदा त्या. माझा जीव तीळ तीळ तुटला.

"ही पोकळ आहे?" त्यांनी विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

"बरं," ते म्हणाले. मग खाली पडलेला खडू उचलून त्यांनीच तिच्या हातात दिला. "थांबू नकोस. पुढची बघ."

परीक्षक म्हणाले, सगळ्या फुल्या बरोबर आहेत. सून पास झाली. कार्ड घेताना ती इतकी रडली की बाकीच्यांना वाटलं, आनंदानेच रडतेय.

साइटचा मुकादम ह्यांना वाईट काही बोलला नाही. फक्त त्यानंतर नवीन फरशी द्यायची बंद झाली. जुनी उचलणं, कडा भरणं, अशी चिल्लर कामं वाट्याला आली. हे म्हणत राहिले, त्या हॉलचं सिमेंटच जुनं होतं. "वर्षभर बाकी इतक्या घरांत कामं केली, आली का एक तरी तक्रार?" नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसरं कोणी असतं तर मी तोंडावर म्हटलं असतं. ह्यांना म्हणवेना. ती घरं हाच त्यांचा आधार उरला होता. जेवताना एकेक दिवाणखाना आठवून सांगायचे. सून ताटात बोटं फिरवत बसायची.

मग त्यातल्याच एका घरात पाइप फुटला. प्लंबरला दिवाणखान्यातल्या चार फरश्या उचलून हव्या होत्या आणि मुकादमाने ह्यांनाच धाडलं. संध्याकाळी घरी आले, हातपाय न धुता ओट्याजवळ खाली बसले आणि रुमालातून सुक्या मालाचा एक तुकडा काढून सुनेसमोर ठेवला. त्यावर तिरक्या रेघांचा ठसा होता. उलट्या तिरक्या.

"ही रेघ कोणाच्या हाताची?"

"माझ्या," सून म्हणाली.

"माझ्या दिवाणखान्यात?"

तिने तुकडा उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"अजून किती घरांत आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती उठून त्यांच्यासमोर बसली, त्यांना ओठ दिसतील अशी. "जिथे जिथे तुम्ही पाणी प्यायला उठलात, बाबा, तिथे सगळीकडे."

बराच वेळ ते त्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझी काळजी आहे."

"आहे ना, बाबा. म्हणूनच..." तिने बाहीने डोळे पुसले. मलाही रडू आवरेना. मी कुकरकडे तोंड करून उभी राहिले.

"चांगली बसवली होतीस," ते शेवटी म्हणाले. "फुटली, पण माल सोडेना." आणि आपली करणी पिशवीतून काढून तिच्या पिशवीत ठेवली.

त्यानंतर ह्यांनी काही ठोकून बघितलं नाही. माठ नवा आणला, नुसता भरून ठेवला. कपाटावरून हात फिरवून जायचे, बोट वाकवायचे नाहीत. इतकी वर्षं त्या टकटकीला मी कावले होते. आता घर खायला उठायचं.

एका सकाळी मी भाजी टाकत होते. हे उठले, सिलिंडरपाशी गेले, सवयीने पेर उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. सून कामावर निघाली होती, एक चप्पल पायात होती. त्यांनी तिला हाक मारली.

"सूनबाई, हा जरा ठोकून बघ. मला ऐकू येत नाही."

तिने चप्पल काढली. खाली बसून सिलिंडर वरून खालपर्यंत ठोकत आली. मग मान वर करून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, तिने ह्यांना ओरडून सांगितलं, "संपत आलाय, बाबा!"