खिडकीपलीकडची बाजू

पूल मागे पडला तरी चौकशीबाई थांबायचं नाव घेईना. शिवणबाईच्या चपलेचा अंगठा कधीचाच सैल झाला होता.

“अगं, दीड तास झाला. माझे पाय आता माझं ऐकत नाहीत.”

“माझे तरी कुठे ऐकतात? पाण्याच्या टाकीपाशी थांबू.”

दोघी एकाच इस्पितळातून निवृत्त झालेल्या. शिवणबाई तिथल्या फाटक्या चादरी सांधायची. दुसरी एकतीस वर्षं दारातल्या चौकशीच्या खिडकीत बसली, म्हणून तिचं नावच चौकशीबाई पडलं. पहिल्याच आठवड्यात तिनं एका आजोबांना एक्स-रेसाठी ‘उजवीकडे’ पाठवलं. ते नेमके शिवणबाईच्या खोलीत गेले आणि सदरा काढून ताठ उभे राहिले. शिवणबाईनं त्यांना हाताला धरून परत आणलं, तेव्हा या दोघींची ओळख झाली.

आपला उजवा तो समोरच्याचा डावा, हे त्या दिवशी चौकशीबाईच्या डोक्यात बसलं ते कायमचं. कोणी काही विचारलं, की ती मनानं काच ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन उभी राही आणि मगच तोंड उघडी. घरीसुद्धा तेच. चहा ठेवताना कपाचा कान नवऱ्याच्या हाताकडे वळवलेला. तो म्हणायचा, “माझ्या अंगात शिरून बसलीस की काय गं?”

आता समोरची खुर्ची रिकामी आहे. तरी कपाचा कान तिकडेच वळतो, आणि मग तिचा तिलाच फिरवून घ्यावा लागतो.

टाकी आली. एका हाताला तिची गल्ली, दुसऱ्या हाताला गोदामाचं बंद फाटक. चौकशीबाई कठड्यावर बसली. नवरा गेल्यापासून, म्हणजे सात महिन्यांत, ती या कोपऱ्यावर पहिल्यांदाच टेकली होती.

“डॉक्टर म्हणाले ना, गाडी वेळेवर आली असती तरी काही फरक पडला नसता?” शिवणबाईनं विचारलं.

“सगळे तेच म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून.”

शिवणबाई पदराआड हात जोडून देवाचं नाव घेत राहिली. सात महिने आपणही हेच ऐकवत आलो, हे तिच्या ध्यानात आलं. सांगणं सोपं होतं. मग तिनं वेगळंच विचारलं.

“त्या दुपारी गाडीच्या ड्रायव्हरला फोनवर तू काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग.”

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“म्हटलं, पाण्याच्या टाकीशी तुमच्या डाव्या हाताला वळा. ‘तुमच्या’ म्हटलं गं मी! इस्पितळाची गाडी बाजाराकडून येणार, हे धरूनच चालले. ती दुसऱ्या पेशंटला सोडून पुलाकडून येत होती. ड्रायव्हर बिचारा डावीकडे वळला नि या फाटकात अडकला. नऊ मिनिटं गेली.”

“तुला कसं दिसणार?”

“दिसत नव्हतं, तर विचारायचं होतं! खिडकीशी माणूस एकाच जागी उभा असायचा. तू कुठून येतोयस, हे विचारायची मला एकतीस वर्षांत गरजच पडली नाही.”

शिवणबाईनं फाटकाकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे.

“देव वरून बघतो,” शिवणबाई हळूच म्हणाली. “त्याला डावं-उजवं नसतं.”

“त्याचं बरंय. मला जमिनीवरून सांगायचं होतं.”

शिवणबाईला हसू आलं आणि डोळेही भरले. चौकशीबाई मात्र पदराच्या टोकाला पीळ देत होती.

“परवा एक बाई दवाखाना विचारत होती. मला रस्ता पाठ आहे. पण तोंडातून शब्द फुटेना. सरळ घरात गेले आणि दार लावलं.”

ती उठली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन मागे वळली.

“माझं एक काम करशील? उद्या दुपारी ये. बाजाराकडून ये, नाहीतर पुलाकडून, मला सांगू नकोस. टाकीच्या अलीकडे थांब आणि फोन कर. माझं घर माहीतच नाही असं समज, आणि रस्ता विचार. मी आधी विचारीन, तू कुठे उभी आहेस म्हणून. मी ते विचारेपर्यंत तू पाऊल उचलू नकोस.”