चौथा ठिपका

वाळवंटातल्या आमच्या अगादेझ गावात रैशाला सगळे ओळखतात ते तिच्या एका खोडीमुळे. समोर बाई आली की ही आधी तिच्या गळ्याकडे बघते, मग तोंडाकडे. गळ्यात चांदीचा जुना क्रॉस, म्हणजे आमच्याकडचं नक्षीचं पदक, असला तर सलाम राहिला बाजूला, थेट म्हणणार, "जरा उलटा करून दाखव ना गं."

सरकारविरुद्धच्या बंडाच्या दिवसांत डोंगरात गेलेले पुरुष आणि त्यांच्या घरच्या बायका हे क्रॉस घालायच्या. पुढून नेहमीची नक्षी, मागे तीन बारीक ठिपके. नाक्यावरचे सैनिक पिठाच्या पिशव्या उपसत बसायचे आणि बंडाची खूण त्यांच्या नाकासमोर लोंबत असायची. मग तह झाला. आमच्यात जुनी चांदी कोण ठेवतो? लेकीचं लग्न निघालं की जुनं मोडायचं, नवं घडवायचं. एकेक करून ते क्रॉस भट्टीत गेले.

रैशा मात्र तेच गोळा करत बसली. वजनाला वजन चांदी द्यायची आणि घ्यायची. पत्र्याच्या डब्यात एकोणतीस जमले, पण हवा होता तो एकच. नवरा अग्गाली डोंगरात गेला तेव्हा त्याच्या गळ्यात गावच्या सोनाराने, खामिदने घडवलेला क्रॉस होता. ठिपके उठवताना खामिदचा हात घसरला आणि चौथा उमटला. अग्गाली परत आला नाही. मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. मूलबाळ नव्हतं. ती अजूनही दोघांचा चहा करते आणि एकटी पिते.

गेल्या हिवाळ्यात ती तिसावा क्रॉस घेऊन खामिदच्या भट्टीपाशी आली.

"तीनच आहेत रे," ती म्हणाली. "इफेरुआनच्या बाईकडून घेतला. लेकीचं लग्न आहे तिच्या."

"आता तरी सोड हा नाद. म्हातारी झालीस, बायका तुला बघून पदर गळ्याशी घट्ट धरतात," खामिद हसला. "बदल्यात काय दिलंस?"

तिने बाही वर केली. मनगट रिकामं होतं.

"कडं? मी दिलेलं?"

"वजन बरोबर भरलं. तोंड का पाडतोस? तूच तर सगळ्यांचं मोडतोस."

खामिदने हातोडी खाली ठेवली.

"तहानंतरच्या वर्षी त्याचा एक सोबती आला होता," तो म्हणाला. "अग्गालीला त्यानंच पुरलं. क्रॉस माझ्याकडे दिला. चार ठिपके होते, रैशा. तुझ्याकडे बघितलं की मला सांगवेना. मोडला आणि कडं केलं. म्हटलं, निदान तुझ्या अंगावर राहील."

"अकरा वर्षं!" ती ओरडली. "अकरा वर्षं मला दुसऱ्यांचे गळे चाचपू दिलेस? माझ्याच हातात होता तो!"

खामिदने पागोट्याचं तोंडावरचं कापड डोळ्यांपर्यंत ओढून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ट्रक गाठून ती इफेरुआनला गेली. लग्न उरकलं होतं, कडंही मोडलं गेलं होतं. नवरीच्या कानांत, बोटांत, वेणीत नवी चांदी लखलखत होती. त्यातली कुठली कड्याची, ते आईलाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून डबा उघडलेला नाही. रैशा लग्नाला जाते, नवरीच्या अंगावरची चांदी बघत कोपऱ्यात बसते. उलटं करून दाखव, असं मात्र आता कुणाला म्हणत नाही.