पोटावरची पिशवी आणि वाघजाईचा कौल

देवीवरचा माझा विश्वास उडाला होता, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हापासून शिमग्याला वाघजाईची ओटी भरत होती. ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. मी गाऱ्हाणं घातलं होतं, ते देवीनं ऐकलं नाही. त्यानंतर मी देवळाच्या पायरीला पाय लावला नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिताना मागं-पुढं झालं तर सांभाळून घ्या.

ती गेली आणि माझ्या शौचातून रक्त पडायला लागलं. हे लिहायची लाज वाटत नाही, कारण लाजेनंच मी निम्मा मेलो होतो. सकाळपासून पोटात कळ यायची आणि मी परसात धावायचो. पुरतं पोचेपर्यंत धीर निघायचा नाही. बाजाराला पालीला जायचं तर आधी तिथं आडोसा कुठं आहे ते आठवून निघायचो. पुढं पुढं जाणंच सोडलं. रत्नागिरीच्या डॉक्टरनी नळी घालून तपासलं आणि मोठ्या आतड्याला आतून व्रण पडलेत म्हणाले. अल्सरेटिव्ह कोलायटिस. नाव सुनेनं कागदावर लिहून दिलंय, मला अजून नीट म्हणता येत नाही. मी त्यांना विचारलं, "बायको गेली त्या दुःखानं झालं काय?" ते म्हणाले, "दुःखानं आजार होत नाही आजोबा, पण दुःखात माणूस गोळ्या खात नाही." खरं तेच होतं.

उपाय सगळे झाले. गोळ्या झाल्या, मागून घालायचं औषध झालं, तोंड सुजवणारं औषध झालं. वाडीतल्या एकानं कुड्याच्या सालीचा काढा सांगितला, म्हणून गोळ्या बंद करून तो प्यायलो आणि अंथरुणालाच खिळलो. मुलगा मुंबईहून आला आणि मला कोल्हापूरला घेऊन गेला. तिथं सलाईनमधून नवं औषध दिलं. काहींना ते चांगलं लागू पडतं म्हणतात, मला पडलं नाही. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, मोठं आतडं काढून टाकू. पोटावर एक तोंड ठेवू, त्याला पिशवी लावायची, शौच त्यात येईल. नाही केलं तर रक्त जाऊन जाऊन माणूस हाती लागणार नाही.

मी नाही म्हणालो. मुलाला वाटलं, म्हातारा चाकूला भितो. तसं नव्हतं. आमच्या घराकडे वाघजाईच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान आहे. विश्वास उडाला तरी खांदा ते विसरत नाही. शिमग्याला सोवळं पाळणारी आमची माणसं. पोटाला शौचाची पिशवी बांधलेला माणूस म्हणजे उठता बसता ओवळा, तो देवीला शिवणार कसा? बायको गेली, आता देवीही परकी होणार. मग जगून करू काय, असं माझं चाललं होतं.

तरी सुनेनं हट्ट धरला म्हणून शिमग्याच्या आधी देवळात जाऊन गुरवाला कौल लावायला सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाची पाकळी चिकटवतो आणि प्रश्न मांडतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विचारलं, ऑपरेशन करू की नको? दोन्ही पाकळ्या होत्या तिथंच राहिल्या. ऊन देवळाच्या दारातून आत आलं तरी हलल्या नाहीत. गुरव म्हणाला, "तात्या, देवी बोलत नाय. तुझा प्रश्नच चुकतोय बघ." मी म्हटलं, "प्रश्न कसला चुकतोय? बायकोच्या वेळीबी ती अशीच गप्प होती." आणि घरी आलो.

शिमग्यात शेजारच्या गावची पालखी आमच्या पालखीला भेटायला मळ्यात येते. दोन्ही पालख्या खांद्यावर नाचतात, ढोल वाजतात. मुंबईवाले सगळे आलेले. मी लांब बांधावर बसलो होतो. ढोल भरात आला आणि मला कळ आली. मागच्या काजूच्या झाडीत घुसलो, तर झुडपापलीकडे एक गडी पाण्याची बाटली घेऊन बसलेला. मी ओशाळलो, उलट फिरलो. तो म्हणाला, "या काका, जागा खूप हाय. माझं झालंच." आणि मी बघतो तर त्यानं पोटावरची पिशवी रिकामी केली, पुसली, बंद केली आणि वरून बनियन ओढलं.

मी माझं उरकून आलो तोवर तो थांबला होता. माझा रंग बघून म्हणाला, "रक्त पडतं काय?" मी मान हलवली. "मलाबी तोच आजार. आतडं काढलं. आता जयगडच्या बंदरात कामाला जातो, तळलेली सुरमय खातो, बायकोची बोलणीबी खातो."

"आणि आता कुठं निघालास?"

"कुठं म्हणजे? आमच्या गावच्या पालखीखाली. माझा खांदा मोकळा पडलाय तिकडं."

"पिशवी घेऊन?"

"मग काय काजूला टांगून जाऊ?" तो हसला. मग नीट बोलला, "आमच्या मानकऱ्यांना पण शंका आली होती. देवीलाच विचारलं, ह्याचा खांदा चालेल काय. उजवा कौल पडला. डॉक्टरनी पोटाला पट्टा बांधायला सांगितलंय, तेवढा बांधतो. चला, ढोल थांबायचा."

तो पळत गेला आणि पालखीखाली शिरला. मी त्याला नाचताना बघितलं. ती पिशवी मला माहीत होती, म्हणून दिसत होती. बाकी कुणाला दिसत नव्हती.

बांधावर बसून मला माझी चूक कळली. डॉक्टरला विचारायचं ते मी देवीला विचारलं होतं. आणि देवीला विचारायचं होतं ते भीतीनं पोटातच ठेवलं होतं.

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या शिमग्यातल्या चौथऱ्यावर, बसल्यावर आमच्या गुरवाला गाठलं. म्हटलं, परत लाव कौल. विचार, पिशवीवाल्याचा खांदा तुला चालेल काय? गुरवानं शब्द पुरा केला नसेल, उजवी पाकळी खाली आली. गुरवच चपापला. मी रडलो. बायको गेल्यावरही मी तसा रडलो नव्हतो.

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. सुरुवातीला पिशवीकडे बघवत नव्हतं. नर्सबाईनं शिकवलं, सुनेनं नाक न मुरडता धुवायला मदत केली. रक्त थांबलं. अंगात मांस आलं. पालीला जातो आता आणि सगळा बाजार फिरून येतो.

तो गडी देव होता असं मी म्हणत नाही. चांगला विडी ओढत होता. नेमकं त्याच वेळी त्याच झुडपात त्याला कुणी बसवलं, एवढंच मी मनाशी म्हणतो. वाद घालायला मला येत नाही. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं असं मला वाटायचं. आता वाटतं, भीती धरून बसलेली मूठ सोडली की शरण जाणं झालं. बायको का गेली, ते मला अजून कळलेलं नाही. ते देवीकडे ठेवलंय. तिच्याशी माझं बोलणं परत सुरू झालंय, हे काय थोडं आहे?

यंदा डॉक्टर म्हणाले, नाचू नका, पट्टा बांधून थोडी पावलं चाला. पहिला खांदा मीच दिला. मुलगा मागं हात धरून होता, त्याला म्हटलं सोड. देवळापासून पिंपळापर्यंत पालखीचा भार माझ्या हाडावर होता आणि ढोलवाले माझ्याकडे बघून जोरात वाजवत होते.

मग पालखी आमच्या अंगणात आली. सुनेनं ओटी भरली. गुरवानं विचारलं, "तात्या, गाऱ्हाण्यात काय सांगू?" मागायचं काय ते मला आठवेना. म्हटलं, "मागणं काय नाय. हा आलाय, एवढं सांग."

गुरवानं तसंच सांगितलं, आणि अंगणातली सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."