कस्तुराबाईच्या लेकीबद्दल लिहिलेलं पान

सुकेशनीचे वडील बोरीत पंक्चरचं दुकान चालवत आणि रविवारी घरच्या ओसरीत चार ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थना घेत. त्यांची ही थोरली लेक परभणीला समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. परीक्षा संपल्यावर त्या वर्षी ती गावी गेलीच नाही. शहरातल्या एका चर्चच्या मंडळीनं उन्हाळी इंटर्नशिप ठेवली होती. सहा आठवडे रोज सकाळी रुळांपलीकडच्या वस्तीत जायचं, तिथल्या पोरांना शिकवायचं, खेळवायचं, बायबलातली एखादी गोष्ट सांगायची. सुकेशनीनं सगळ्यांत आधी नाव दिलं.

वस्तीच्या टोकाला पत्र्याची एक शेड होती. सात ते दहा वर्ग चाले. दहानंतर पत्रा असा तापे की आत बसवत नसे. पहिल्या आठवड्यात जेमतेम सहा पोरं आली. टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बाया आपसात म्हणत, ‘पोरांला बाटवायला आलेत हे लोक.’ सुकेशनीच्या कानावर ते पडे आणि ती मान खाली घालून पुढं जाई.

तिचा प्रश्न सोडवला तो कस्तुराबाईनं. कस्तुराबाई मोंढ्यात धान्य चाळायला जायची. नवरा कामासाठी पुण्याकडं गेला तो चार वर्षं फिरकला नव्हता. घरात ती आणि नऊ वर्षांची ईश्वरी, दोघीच. दोन दिवस कामावर खाडा करून ती शेडच्या दाराशी बसून राहिली, सगळं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी टँकरपाशी म्हणाली, “पाढे म्हणायलेत, गाणी म्हणायलेत. पोरगी लय चांगली हाय. तिचा जिम्मा माझा.” त्यानंतर शेडमध्ये पोरांना बसायला जागा पुरेना.

सुकेशनीचं मग त्या घरी जाणं-येणं सुरू झालं. “ये गं पोरी, उन्हाची कुठं जातीस,” म्हणत दुपारी कामावरून आलेली कस्तुराबाई तिला गरम धपाटं खायला घाली. ईश्वरी हिशेबात हुशार होती, बोलायला त्याहून. एकदा तिनं आपणहून सांगितलं, “माझी आई अंधारातच कामाला जाती. मी झोपेत असते तवाच माझ्या वेण्या घालून ठिवती. उठले की वेण्या घातलेल्याच!” सुकेशनीला ते फार आवडलं. खोलीवर येऊन तिनं ते वहीत लिहूनही ठेवलं.

शेवटचा आठवडा आला तेव्हा इंटर्नशिप सांभाळणारे बन्सीधर सर म्हणाले, “समारोपाच्या उपासनेत प्रत्येकानं एका मुलाविषयी एक पान वाचायचं.” सुकेशनीनं ईश्वरीविषयी लिहिलं. आई पहाटे जाते, वेण्या घालून जाते, पोरीला बारापर्यंतचे पाढे पाठ आहेत. सरांनी पान वाचून परत दिलं. “छान आहे. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे बघ. तू त्या लेकरासाठी काय केलंस, ते यात दिसत नाही.”

खोटं लिही असं सर म्हणाले नव्हते. पुढं कितीतरी वेळा तिनं मनाशी आठवून पाहिलं; नव्हतेच म्हणाले. जे केलं ते तिचं तिनं केलं. एके दिवशी ईश्वरी आईवर रुसून भाकरी न खाता वर्गात आली होती. सुकेशनीनं लिहिलं, ‘ती रोज उपाशीपोटी येई.’ मग पुढचं वाक्य सुचलं, ‘तिची आई तिला तशीच टाकून निघून जाते. तिच्या केसांतून मायेनं हात फिरवणारं घरात कुणी नाही.’ लिहिता लिहिता तिचेच डोळे भरून आले आणि तिला वाटलं, आता जमलं.

रविवारी संध्याकाळी चर्च भरलं होतं. वस्तीतली पोरं गाणं म्हणणार म्हणून पुढच्या सतरंजीवर बसली होती. त्यांच्या आया येतील असं कुणी धरलंच नव्हतं. सुकेशनी माइकपाशी उभी राहिली आणि तिला शेवटच्या बाकावर कस्तुराबाई दिसली. ठेवणीतलं लुगडं नेसून, वस्तीतल्या चार बायांना बरोबर घेऊन आली होती. सुकेशनीकडं बघून तिनं हात वर केला.

आधी लिहिलेलं खरं पान अजून फाईलमध्येच होतं. ते काढून वाचता आलं असतं. पण पडद्यावर ईश्वरीचा फोटो लागला, खेळून आल्यावरचा, विस्कटल्या केसांचा, आणि सगळे गप्प झाले. सुकेशनीनं हातातलंच पान वाचलं.

आपला फोटो बघून ईश्वरी आधी हसली. मग ऐकता ऐकता तिचं हसू गेलं. ती वळली आणि मागच्या गर्दीत आईला शोधू लागली. सुकेशनीला वाचताना ते दिसत होतं, तरी तिचं वाचणं थांबलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. टाळ्या झाल्या.

कस्तुराबाईनं आरडाओरडा केला नाही. पोरांचं गाणं पुरं होऊ दिलं, मग पुढं येऊन लेकीचा हात धरला आणि निघून गेली. मागोमाग त्या चौघीही उठल्या.

दुसऱ्या दिवशी सामान आवरायला सुकेशनी शेडवर गेली, तर एकही पोर तिकडं फिरकलं नाही. संध्याकाळी ती कस्तुराबाईच्या घरी गेली. कस्तुराबाई पीठ मळत होती.

“बसा, ताई,” ती म्हणाली.

आजवर तिनं सुकेशनीला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

“मावशी, माझं चुकलं.”

“मी पोरीला उपाशी ठिवते, हे तुमाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच लिहिलं.”

“कामून?”

“लोकांच्या मनाला लागावं म्हणून.”

“मंग? लागलं का?”

ईश्वरी कोपऱ्यात बसली होती. तिनं सुकेशनीकडं पाठ केली आणि दोन्ही वेण्या मागं टाकल्या. “दिसायल्यात का, ताई? आई घालती म्हणून सांगितलं व्हतं की मी तुमाला.”

सुकेशनीला रडू कोसळलं. कस्तुराबाईनं तिला पाणी दिलं, पण तिच्याजवळ बसली नाही. “तितं माइकवर बोललात, अन् माफी हितं चुलीपाशी मागायलात. त्या चार बायांम्होरं मी तुमचा जिम्मा घेतला व्हता. आता त्या मला इचारायल्यात, मी काय सांगू?”

सुकेशनी तिथून उठली ती सरळ बन्सीधर सरांकडं गेली. सर म्हणाले, चिठ्ठी लिहून दे, मी पोचवतो. “मी माइकवर बोलले, सर,” ती म्हणाली. सरांनी पुढच्या रविवारी दोन मिनिटं दिली. आपण काय काय खोटं लिहिलं, ते तिनं एकेक करून सांगितलं. बाहेर पडताना एक आजोबा म्हणाले, “एवढं मनाला लावून घेऊ नकोस, बाळ. हेतू चांगला होता.” ते शब्द तिला सगळ्यांत जास्त बोचले.

चर्चपेक्षा टँकरपाशी बोलणं अवघड गेलं. घागरींच्या रांगेसमोर उभी राहून तिनं पुन्हा सगळं सांगितलं. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं. कस्तुराबाई रांगेतच होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. सरका ताई, पाणी वाया जायलंय.”

सुकेशनी बोरीला परतली.

महिन्याभरानं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र टपालानं आलं. वडिलांनी ते मोठ्या हौसेनं दुकानात लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवत. नाताळापर्यंत तिनं कळ काढली, मग एका दुपारी सगळं सांगून टाकलं. वडील ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांचे हात थांबले. ट्यूब बाजूला ठेवून ते म्हणाले, “मी लावलं ते मला ठावं नव्हतं म्हणून. आता काय करायचं ते तू बघ.” तिनं ते उतरवलं. त्यांनी पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही, आणि तिलाही त्यांच्याकडं बघायला कितीतरी दिवस जड गेलं.

आज सुकेशनी पूर्णा तालुक्यात मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. घरोघर जाऊन पोरांची माहिती लिहायची, हेच तिचं काम. लिहिलेलं ती आधी त्या घरच्यांना वाचून दाखवते. कुणी म्हणालं, ‘हे खोडा,’ की खोडते. तिचे अहवाल कोरडे असतात, अशी वरच्यांची तक्रार आहे.

गेल्या वर्षी ताडकळसच्या बाजारात तिला कस्तुराबाई दिसली. डोक्याला रुमाल बांधून एका आडत्याच्या ढिगापाशी ज्वारी चाळत होती. दोघींमध्ये दहा पावलांचं अंतर असेल. ईश्वरी आता कितवीत आहे, एवढं तरी विचारावं असं सुकेशनीच्या मनात आलं. पण पाय पुढं पडेनात. ती भाजीच्या ओळीत वळली आणि मागच्या वाटेनं स्टँडवर गेली. बस लागायला अर्धा तास होता. तेवढ्या वेळात परत जाऊन येता आलं असतं. पिशवी मांडीवर घेऊन ती तिथंच बसून राहिली.