ताट हातात घेऊन दिलेला शब्द

आमच्या चौल गावात जेवणावर बसून कुणी खोटं बोलत नाही. भांडतील, बांध सरकवतील, पण ताटावर खोटं नाही. या एका समजुतीपायी मी फसलो, आणि एकटाच फसलो असतो तर बरं झालं असतं.

आखातात लढाई चालली होती तेव्हा मी आणि माझा आतेभाऊ अमेरिकन तळावरच्या मेसमध्ये कामाला होतो. अलिबागच्या हॉटेलात राबून थोडंफार इंग्रजी आलं होतं, म्हणून मी वाढायला. तो मागे भांडी घासायला. तळावर अधूनमधून रॉकेटं पडायची. आतेभाऊ टरकला होता. करार गेला खड्ड्यात, मी घरी चाललो, म्हणाला. त्याची पिशवी भरून झाली होती.

त्याच आठवड्यात अमेरिकेचा संरक्षणमंत्री आला. सूटबूट नाही, सरळ शिपायांच्या रांगेत ताट घेऊन उभा. मी त्याला बटाटा वाढला. जास्तच वाढला, मेल्याला! ते ताट हातात धरूनच तो सगळ्यांना म्हणाला, लढाई संपत आलीय, उन्हाळ्याच्या आत सगळे आपापल्या घरी. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

धावत मागे जाऊन मी आतेभावाला सांगितलं. आता कशाला पळतोस, थोडी कळ काढ, पूर्ण पगार घेऊन दोघं जाऊ. तो विचारत राहिला, नक्की असंच म्हणाला का?

"अरे, हातात ताट होतं त्याच्या," मी म्हणालो.

त्याने पिशवी रिकामी केली.

उन्हाळा आला, लढाई तिथेच. एका दुपारी कोठीवर रॉकेट पडलं. तो कांदे आणायला गेला होता. मेलेल्या शिपायांची नावं तळावर वाचून दाखवली, त्यात त्याचं नव्हतं. भांडीवाल्याचं नाव कोण वाचतो?

घरी आल्यावर आत्याला एवढंच सांगितलं, की मंत्र्याच्या शब्दावर तो थांबला. तेव्हापासून दर सणाला मी तिच्याकडे जेवतो. ती मंत्र्याला शिव्याशाप देते, मी री ओढतो.

मंत्री पुढे पायउतार झाला, जाडजूड पुस्तक लिहिलं, भाषणं ठोकली. यंदा म्हातारा होऊन बिछान्यात मेला. मोबाइलवर बातमी आली: कणखर माणूस, वगैरे. खाली एक ओळ होती. लढाई लांबणार हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, असं त्याने पुस्तकात कबूल केलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठाऊक होतं, आणि माझ्यासमोर ताट धरून उभा होता, हरामखोर!

तसाच तणतणत आत्याकडे गेलो. ती ओटीवर सुपारी सोलत होती. बातमी वाचून दाखवली. तिने हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली.

"तो कुठल्या भाषेत बोलला व्हता?"

"इंग्रजीत."

"माझ्या पोराला इंग्रजी येत न्हवती. मग त्याला सांगितलं कुणी?"

इतकी वर्षं मी त्या मंत्र्याच्या आड लपलो होतो. आता तोही नव्हता.

"मी सांगितलं, आत्या. मीच थांबवलं त्याला."

"व्हय," ती म्हणाली. "माझ्याकडं इतक्या येळा जेवलास. एकदा तरी ताटावर बोलायचंस."