आपलंच प्रकरण

सदर इसम: स्त्री, अविवाहित, वय बेचाळीस. धंदा वकिली, उरलेल्या वेळात विधि विभागात डॉक्टरेटसाठी संशोधन. शरीरयष्टी किरकोळ, आवाज नव्हे. ओळखीची खूण: डाव्या काखेत फाईल. वर्तणूक चांगली अशी नोंद आहे. ती कोणी केली, याची नाही.

कोर्टात तिला हरकतबाई म्हणत. समोरच्या वकिलाने घसा खाकरला तरी ती हरकत घ्यायला अर्धी उठलेली असे. तिचा प्रबंध परक्या जागेवरच्या ताब्याविषयी होता. दुसऱ्याच्या जागेत एखादा माणूस वर्षानुवर्षे राजरोस राहिला आणि मालकाने तोंड उघडलं नाही, तर शेवटी जागा कोणाची? तिसऱ्या प्रकरणाचं नावच ‘मालकाचं मौन’. त्यासाठी तिने जुने निकाल इतके उपसले, की ती दिसली की ग्रंथपाल शिडी आपल्या खोलीत नेऊन ठेवी.

तिचा मार्गदर्शक म्हणजे विभागातला सर्वांत गोड माणूस. आधीचे दोन विद्यार्थी त्या गोडव्याला कंटाळून विम्याच्या धंद्यात गेले होते.

चर्चासत्रात तिने तिसरं प्रकरण वाचलं. टाळ्या पडल्या. मार्गदर्शकाने “उत्तम” म्हटलं, तशी ती हात जोडून म्हणाली, “सर, हे आपलंच प्रकरण आहे.” सभ्य माणसं असंच बोलतात. घरी आलेल्याला आपण “घर आपलंच आहे” म्हणतो आणि तो चहा पिऊन निमूट निघून जातो.

मार्गदर्शक निघाला नाही. पुढल्या वर्षी त्याचं पुस्तक आलं. त्यात ‘मालकाचं मौन’ होतं: तिची वाक्यं, तिचे स्वल्पविराम, आणि एका निकालाचं साल तिने चुकवलं होतं, तेही इमानाने तसंच. प्रबंध तपासणाऱ्या यंत्राने कौल दिला, की तिसरं प्रकरण चोरीचं आहे. चोर ती.

“वन्सं, कोर्टात कोणी शिंकलं तरी हरकत घेता,” भावजय भांडी विसळत म्हणाली, “आणि तिथे हात जोडून आपलंच?”

“आदराने म्हटलं होतं.”

“मग आता आदराने परत मागा.”

तिने तक्रार केली. समिती बसली.

“‘आपलंच’ असं तुम्ही म्हणालात?” विभागप्रमुखाने विचारलं.

“म्हणाले. शिष्टाचार म्हणून.”

“कायद्यात शब्दाला अर्थ असतो, बाई. आपलं म्हणजे समोरच्याचं. आदरार्थी.”

“आपलं म्हणजे स्वतःचंही होतं, साहेब. ‘मी आपली गप्प बसले’ यात कोण गप्प बसलं?”

एक सदस्य हसला आणि विभागप्रमुखाकडे पाहून थांबला.

“अगं, तुझंच तिसरं प्रकरण वाच की,” मार्गदर्शक प्रेमाने म्हणाला. “गप्प बसणारा मालक हक्क गमावतो, असं स्पष्ट लिहिलंयस.”

ती ताडकन उठली. “तुझंच म्हणाले! नोंद घ्या. लिहिलंयस, असंही म्हणाले.”

विभागप्रमुखाने नोंदवही मिटली.

“ते बोलण्याच्या ओघात आलं,” विभागप्रमुख म्हणाला.

“आणि मी काय शिलालेख कोरला होता?”

समितीने तोडगा काढला. प्रकरण प्रबंधात राहू द्यावं. फक्त ते अवतरणचिन्हांत घालावं आणि खाली मार्गदर्शकाच्या पुस्तकाचा ऋणनिर्देश करावा. तेवढं केलं की पदवी.

“दोन चिन्हं गं,” मार्गदर्शक म्हणाला. “काय जातं तुझं?”

“तिसरं प्रकरण.”

घरी धाकट्या भावाने समजूत घातली. “ताई, ती दोन चिन्हं टाक आणि डॉक्टर हो. मग भांड हवं तेवढं.”

“मग कशाची डॉक्टर असेन मी? स्वतःच्याच घरी घरफोडी केल्याची?”

तिने प्रबंध होता तसाच, एकही चिन्ह न वाढवता, विभागात नेऊन दिला आणि पोच मागितली. मार्गदर्शकाने गोड हसून पाणी विचारलं. तिने घेतलं नाही.

महिन्याभराने फलकावर सूचना लागली: “सदर उमेदवाराची नोंदणी तिच्या स्वतःच्या विनंतीवरून रद्द करण्यात येत आहे. तिचे विभागाशी असलेले संबंध अखेरपर्यंत सौहार्दाचे होते.”

अशी विनंती तिने केलेली नाही.