मागच्या अंगणातला कर्णा

रक्त द्यायला भाऊ वेळेवर सापडला नाही आणि आमची एक बाळंतीण गेली. त्यानंतर जळगावच्या आमच्या दवाखान्यात नातेवाइकांना बोलवायला चार कर्णे घ्यायचे ठरले. मी मेट्रन. जागांची यादी माझीच होती: तीन वॉर्ड आणि पुढचं दार.

कर्णे बसवायला आलेला माणूस ती यादी खिशात घालून तासभर फिरला. जागोजागी टाळी वाजवायचा, मान वाकडी करून ऐकायचा. माझे पाय दुखत होते.

"भाऊ, आटपा आता."

तो मला मागच्या अंगणात घेऊन गेला. जामनेर-सावद्याकडून आलेली रुग्णांची माणसं चुलींवर स्वयंपाक करत होती.

"अक्का, बठ्ठा लोक आठे शेतस. आत कोनले हाका मारशात?"

खरंच, सगळे इथेच होते, आत हाक ऐकायला कुणी नव्हतं. त्या बाळंतिणीचा भाऊही त्या दिवशी इथेच तिच्यासाठी खिचडी शिजवत होता.

यादी परत मागून मी दार खोडलं आणि 'चुली' लिहिलं.